एकदा त्यांनी, दोनदा मी

भुतंखेतं, कानात येणारे आवाज, साक्षात्कार... यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता, आजही फारसा नाही. त्यात माझा धंदाच असा, की खोलीत नसलेला आवाज खोलीत आहे असं लोकांना वाटायला लावायचं. मी टेक्नो, म्हणजे मशीनवर तोच तो ठोका फिरवत ठेवणारं संगीत, बनवतो आणि वाजवतो. कुणी मला भुताचा आवाज म्हणून टेप ऐकवली, तर तो कुठल्या बटणाने काढलाय हे मी आधी विचारतो. तरी आज लिहितोय. मुलाखतींमध्ये 'तुमच्यावर प्रभाव कुणाचा?' असं विचारलं की मी चार परदेशी नावं सांगून मोकळा होतो आणि खरं उत्तर गिळतो, म्हणून.

नव्वदच्या दशकाचा मधला काळ. आमचं घर बनारसला, दुर्गाघाटावर. माझे वडील, अण्णा, घरीच वेद शिकवायचे. शिकवायची पद्धत ठरलेली, तिला संथा म्हणतात. गुरूने ओळ एकदा म्हणायची, शिष्याने दोनदा. चुकलं की तीच ओळ पुन्हा. आम्ही शुक्ल यजुर्वेदी, त्यामुळे म्हणताना स्वर हाताने दाखवायचा — हात वर, खाली, आडवा. माझं सगळं बालपण यात गेलं. पुढे गल्लीतल्या गेस्ट हाऊसमध्ये उतरलेल्या यान नावाच्या डच माणसाने मला पहिल्यांदा टेक्नोची कॅसेट ऐकवली आणि मी आता दचकणार म्हणून तो माझ्या तोंडाकडे बघत बसला. मी म्हटलं, "यात नवीन काय? आमच्याकडे सकाळपासून हेच चालतं." जाताना तो आपलं ड्रम मशीन आणि चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर मला देऊन गेला. झालं, मी कामातून गेलो. संहितेचा एकच अध्याय उरला होता, तो तसाच सोडून मी गच्चीवरच्या खोलीत ठोके जुळवत बसायला लागलो.

अण्णा रागावले नाहीत. नुसते गप्प राहिले. आणि मग खरेच गप्प झाले... गळ्याचं ऑपरेशन झालं, त्यात आवाज कायमचा गेला. मी घाटावरच्या घंटा रेकॉर्ड केल्या होत्या, वल्ह्यांचा आवाज, दगडावर कपडे आपटण्याचा आवाज, रामनगरच्या बाजारातला गलकासुद्धा. अण्णांचा आवाज तेवढा नव्हता. वेद डब्यात भरायचा नसतो, असं म्हणून त्यांनी माइक कधी जवळ येऊच दिला नाही. याचं मला किती वाईट वाटायचं ते सांगता येणार नाही.

तेवढ्यात गोव्याहून बोलावणं आलं. तिथे पार्ट्या करणाऱ्या मंडळींना माझी कॅसेट आवडली होती. अण्णांना सांगितलं, तर त्यांनी पाटीवर लिहिलं — 'एक अध्याय राहिलाय. तो माझ्याकडून घे. मग जा.'

आता आवाज नसलेल्या माणसाकडून संथा घ्यायची कशी? पोथी समोर ठेवायची, अण्णा हाताने स्वर दाखवायचे, मी वाचायचो आणि दर ओळीला ते मान हलवायचे. नाही. पोथीत अक्षरं होती, म्हणणं नव्हतं. माझे काकाही वेदपाठीच, ते म्हणाले, "अण्णा, मी करवतो ना याचा अध्याय पुरा. पोराची गाडी निघून जाईल." अण्णांनी तोंड फिरवलं. जायचा दिवस जवळ आला, तसं मला कळून चुकलं की हे अर्धवटच राहणार, आणि अण्णा ते मनाला लावून घेणार.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर मी वरच्या खोलीत हेडफोन लावून कपडे आपटण्याची टेप ऐकत होतो. ठोका... मग मोकळी जागा... ठोका. अण्णा केव्हा आले कळलं नाही. समोर मांडी घालून बसले आणि त्यांनी हात उचलला. मी हेडफोन काढणार, तोच ठोक्यांच्या मधल्या जागेत एक ओळ आली. अण्णांच्या आवाजात.

भीती वाटली का? नाही. संथा मिळाली की म्हणायचं, एवढीच सवय. मी ती दोनदा म्हटली. अण्णांचा हात पुन्हा उठला, कानात पुढची ओळ आली. एके ठिकाणी माझा स्वर चुकला. अण्णांनी मांडीवर बोट आपटलं आणि कानात तीच ओळ पुन्हा आली — जरा वैतागलेली, लहानपणी यायची तशीच. असं करत करत आम्ही शेवटापर्यंत आलो. अण्णांनी हात मांडीवर ठेवला. त्यांचे डोळे भरले होते. माझेही.

तेवढ्यात आई पदराने वारा घेत वर आली. "बिजली तर केव्हाची गेली. पंखा बंद, म्हणून वर आले." मग तिच्या हातातली पोथी तिने माझ्यापुढे धरली. "आणि ही खालीच राहिली होती. मग तू इतका वेळ काय बाँचत होतास?"

मी रेकॉर्डरकडे बघितलं. त्याचा लाल दिवा बंद होता. तो विजेवरच चालायचा, त्यात सेल नव्हतेच.

संध्याकाळी काकांसमोर अध्याय म्हणून दाखवला. ते डोळे मिटून ऐकत होते. मध्येच एका ओळीत मी श्वास घेतला, तेव्हा त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. संपल्यावर म्हणाले, "तिथे श्वास आमच्यात दुसरं कुणी घेत नाही. अण्णाच घ्यायचे."

अण्णांना मी विचारलं, तुम्हालाही ऐकू येत होतं का? पाटी पुढे केली. त्यांनी लिहिलं — 'आता जा.' एवढंच. पुढे ते असेपर्यंत तो विषय निघाला नाही.

तुम्ही म्हणाल, लहानपणी मोठ्या विद्यार्थ्यांचं कानावर पडलं असेल, ते आत कुठेतरी राहिलं असेल. मीही तेच म्हणतो. मग कानात तो स्वर चुकल्याचा वैताग कुणाचा होता, इथे येऊन थांबतो. ती टेप अजून माझ्याकडे आहे. तिच्यावर कपडे आपटण्याशिवाय काहीही नाही, अगणित वेळा ऐकलीय.

वाजवताना मी आजही एका जागी सगळं थांबवतो. एक ओळ जाईल एवढी जागा, आणि मग दोन ओळींची. लोकांना वाटतं ही माझी स्टाइल आहे. त्या दोन ओळी मी मनात म्हणतो. पहिल्या जागेत मात्र मी काहीच म्हणत नाही, नुसता कान देऊन उभा राहतो. तिथे पुन्हा कधी काही आलेलं नाही.