शाळूच्या रानातला अल्बम

परवा गावी, हसनाबादला गेले, तर शेजाऱ्याच्या शाळूवर पाखरं हाकलायची दुकानातली चकचकीत पट्टी ताणलेली होती. तिथली सगळी पाखरं आमच्या शाळूवर येऊन बसली होती. वाऱ्यावर ती पट्टी घूंऽऽ करायला लागली आणि माझं डोकं फिरलं. इतक्या वर्षांनीसुद्धा.

तेव्हा मी कॉलेजात होते. मावसभावाच्या मागे लागून एका ग्लॅम मेटल बँडच्या पहिल्या अल्बमची कॅसेट मिळवली होती. कव्हरवर केस फुगवलेले, ओठ रंगवलेले चार बाप्ये. एका सकाळी बघते तर डबी रिकामी. रानात गेले. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, कॅसेट फोडून आतली फीत काठ्या रोवून शाळूवर बांधली होती. कोवळ्या कणसांच्या वासात ती तपकिरी फीत उन्हात चमकत, थरथरत होती आणि सगळी गाणी मिळून एकच सूर धरून बसली होती.

"अण्णा, ती माझी कॅसेट होती."

"घरी निस्ती बोंबलत होती. इथं कामाला आली. बघ, एक पाखरू बसून न्हाई राह्यलं."

"त्यांचा पहिलाच अल्बम होता तो," मी रडकुंडीला येऊन म्हणाले.

अण्णांनी रानभर नजर फिरवली. "मंग दुसरा कव्हा काढणार हायेत? ह्यो निम्म्याच रानाला पुरला."

आता अण्णा नाहीत, त्यामुळे भांडायचीही सोय राहिली नाही. परवा बांधावर उभी राहून तोच अल्बम मोबाइलवर मोठ्यानं लावला.

एक चिमणीही हलली नाही.