कुलूपबंद फाईल

रोज सकाळी छापखान्यात आल्यावर, खांद्यावरची पर्सही न उतरवता, ती कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरची इंटरनेटची वायर उपटायची. गिऱ्हाइकाकडून आलेली झिप फाईल आधी पेनड्राइव्हवरून इथे यायची, तिची झडती व्हायची आणि मगच ती कामाला लागायची. मागे एकदा न तपासता उघडलेल्या फाईलने सगळ्या छापखान्याची कामं गिळली होती. तेव्हापासूनची ही पद्धत.

“फौजदारबाई, आरोपी हजर आहे,” डिझाइन करणारा पेनड्राइव्ह पुढे करायचा.

“पाठवणाऱ्याला फोन केलास?”

“अहो, ओळखीचं गिऱ्हाईक आहे.”

“ओळखीचेच केसाने गळा कापतात. लाव फोन.”

फाईल न उघडता ती आतली नावं वाचायची. नाव फोटोचं आणि शेपूट प्रोग्रामचं दिसलं, की फाईल बाद. तिचा सगळ्यात जास्त राग कुलूपबंद फाईलवर, त्यातही पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिलेला असला तर. कुलपाच्या आत अँटिव्हायरसलाही डोकावता येत नाही. अशा वेळी एकच उपाय, फोन. मेलला उत्तर टाकायचं नाही. समोर चोर असला तर उत्तरही तोच देणार.

आई धाकट्या भावाच्या घरी वारली. त्याने उशिरा कळवलं. ही पोचली तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. दारातच ती त्याला म्हणाली होती, “आता कशाला बोलावलंस? भांडी घासायला?” त्यानंतर दोघांचं बोलणं तुटलं.

काही आठवड्यांनी एक मेल आला. पत्ता कुठल्याशा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाचा. ‘आपल्या आईचा आवाज आहे यात. नक्की ऐका.’ खाली भावाचं नाव आणि पासवर्ड. सोबत कुलूपबंद झिप.

‘ऐका’? तो तिला जन्मात कधी अहो-जाहो करणार नाही. कुणीतरी मेलेल्या माणसाच्या नावाने जाळं टाकलंय, तिला वाटलं. तरी हात फोनकडे गेला. भावाचा नंबर तिला तोंडपाठ होता. रोज ती परक्या माणसांना विचारायची, फाईल तुम्हीच पाठवलीत ना? तेवढंच विचारायचं होतं. पण मग आधी तिनेच बोलायचं? अंत्यदर्शनही न घडवणाऱ्याशी?

नियम म्हणजे नियम, असं स्वतःशी म्हणत तिने मेलसकट फाईल उडवली. मग कचरापेटीही रिकामी केली. आपण डगमगलो नाही, याचं तिला तेव्हा बरंच वाटलं.

भावाचा फोन आला तो पुढे कित्येक महिन्यांनी, दुपारच्या सुट्टीत.

“ताई, रागावलीस तरी चालेल, पण ती फाईल मला परत पाठव ना. आईचा आवाज मला ऐकावासा वाटतोय.”

“कसली फाईल?”

“आईची! शेवटी शेवटी ती रोज माझ्या फोनवर रेकॉर्डिंग लावून तुझ्याशी बोलायची. म्हणायची, आत्ता कळवू नकोस, तिची धावपळ होईल. मी बरी झाले की ऐकव. फोन पाण्यात पडला. दुकानवाल्याने कसंबसं तेवढंच बाहेर काढलं, त्यानेच मेल लिहून पाठवला. त्याच्याकडे आता काही नाही, तो सगळं पुसून टाकतो. कुलूपही मीच लावायला सांगितलं. घरचं काही उघड्यावर पाठवायचं नाही, हे तूच शिकवलंस ना? तुझं उत्तर आलं नाही. म्हटलं, ऐकूनसुद्धा हिचा राग गेला नाही.”



“ताई? आहे ना तुझ्याकडे?”

छापखान्यात सगळे जेवायला गेले होते. छपाईची दोन्ही मशीनं बंद होती. खिडकीतून फक्त उन्हाचा पट्टा आत आला होता.

“मशीन चालू आहे रे इथे,” ती म्हणाली, “काही ऐकू येत नाही. ठेवते.”