रिकाम्या फुलांची हजेरी

रोज सकाळी चहाच्या आधी वासुदेव पोतनीस तांब्याचा लोटा घेऊन गच्चीवर जायचे आणि भाज्यांची हजेरी घ्यायचे. "भेंडी?" असं विचारून थोडं थांबायचे आणि जरा बारीक आवाजात स्वतःच म्हणायचे, "हजर." "गवार?" "हजर." "दोडका?" इथे आवाजात जरब यायची, कारण दोडका उशिरा उगवला होता आणि त्यांनी त्याला ते कधी माफ केलं नव्हतं. खाली स्वयंपाकघरात त्यांची बायको शैलजाबाई आलं किसत ही हजेरी ऐकायच्या. ती संपेपर्यंत चहाला उकळी आलेली असायची.

सगळी इमारत त्यांना नाना म्हणायची. एका सरकारी खात्याच्या इस्टॅब्लिशमेंट सेक्शनमध्ये त्यांचा जन्म गेला. कोण जागेवर आहे, कोण नाही, कोण सही करून पोहे खायला गेला आहे, हे बघण्यात त्यांची नजर तयार झाली होती. शिवाय रक्तातही काही होतं. पणजोबा संस्थानच्या बागेत आंबे मोजायला होते. नानांच्या तोंडी ते दरवर्षी एकेक पायरी चढत आता बागेचे दिवाण झाले होते.

निवृत्तीनंतर मात्र मोजायला काही उरलं नाही. पहिलं वर्ष नानांनी बाल्कनीतल्या खुर्चीत काढलं. सकाळी कचरागाडीचं गाणं ऐकू आलं की साहेबांची गाडी आल्यासारखे ते उठायचे, ओल्याची आणि सुक्याची बादली घेऊन खाली जायचे, गाडीवाल्याला "सब अलग-अलग है, देख लो" असं सांगून वर यायचे आणि पुन्हा खुर्चीत बसायचे. शहर स्वच्छ करण्यातला आपला वाटा उचलून झाला की पुढचा सगळा दिवस पडलेला असायचा. एके दिवशी त्यांनी विचारलं, "आज ऑफिसातून कुणाचा फोन आला होता का गं?" शैलजाबाईंनी भाजी चिरता चिरता खोटंच सांगितलं, "आला होता, तुम्ही झोपला होतात." त्या खुर्चीची शैलजाबाईंना तेव्हापासून भीती वाटायची.

म्हणून माघात शरद भिया काकडीचं बी घेऊन आले तेव्हा त्यांना हायसं वाटलं. शरद भिया, म्हणजे शरदभाऊ, हे परदेशीपुऱ्यातले नानांचे जुने मित्र. जगातला कोणताही विषय त्यांना थोडाफार येत असे. कृष्णपुऱ्याकडच्या एका दुकानातून बी आणून त्यांनी नानांच्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, "नाना, लावून टाका. चैत्रात गौरीपुढे घरची काकडी. एकदम शुद्ध. केमिकलचा झंझटच नाही."

नाना खुर्चीतून उठले, काकडीबरोबर भेंडी, गवार, दोडकाही लावला, आणि पुढे त्या खुर्चीवर कांदे वाळू लागले. म्हणून नंतरचं सगळं शैलजाबाईंनी मुकाट्याने सोसलं.

सोसायला बरंच होतं. कीड मारायला दशपर्णी अर्क करायचा म्हणून दहा झाडांचा पाला आला. गोमूत्र आलं, शेण आलं. ते भिजवायला सांवेर रोडवरच्या एका गोदामातून निळा ड्रम आला. आधी त्यात काय होतं ते कुणी सांगेना, पण बाहेरून कवटीचं पुसटसं चित्र अजून दिसत होतं. नानांनी त्यावर हळदीने स्वस्तिक काढलं आणि विषमुक्त शेती सुरू झाली. पाला कुजू लागला तसा जिन्यात त्याचा वास मुक्कामाला आला. खालच्या मजल्यावरची निशिगंधा एका कंपनीत नोकरी करायची. मागच्या वर्षीच कोल्हापूरहून बदलून आलेली, स्वभावाने भिडस्त मुलगी. एके दिवशी ओढणी नाकाला लावून वर आली.

"काकू, वर कुणी... म्हणजे, काही गेलंय का?"

"गेलं नाही, होतंय," शैलजाबाई म्हणाल्या. "नानांचा अर्क होतोय."

फाल्गुनात भेंडीच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा बसला. काळा, बारीक, तीळ भुरभुरल्यासारखा. नानांनी अर्क मारला. मग कडुलिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात फेटून मारलं. मग आंबट ताक. पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल फासून टांगलं, त्याला माशा कमी आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या बाह्या जास्त चिकटल्या. शरद भियांनी पानांवर जीरावन, पोह्यांवर भुरभुरायचा तो मसाला, टाकून बघायला सांगितलं. "पोहे सुधारतात त्याने, तो कीडा क्या चीज है!" कीड काही गेली नाही, पण शरद भिया रोज पानं तपासायला येऊ लागले आणि येताना पोहे बांधून आणू लागले. शेवटी लाल, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे कुठूनसे उडत आले आणि कुणालाही न विचारता मावा खाऊन गेले. नानांनी यश अर्काच्या नावावर जमा केलं.

काकडीचा वेल मात्र सुरेख आला. दोरीवरून चढला, कठड्यावर पसरला, पाण्याच्या टाकीला वळसा घालून मागे गेला. आणि फुलला. सकाळच्या उन्हात ती पिवळी फुलं पाहिली की शैलजाबाईंच्या मनात लहानपणीचं काहीतरी हलायचं, काय ते नेमकं आठवायचं नाही.

नानांना मात्र त्या फुलांत गैरकारभार दिसला. नीट पाहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की काही फुलांच्या मागे बोटाच्या पेराएवढी इवलीशी काकडी असते. आणि बाकीची फुलं, तीही बहुसंख्य, नुसत्या देठावर उभी. मागे काही नाही, पुढे काही नाही. सकाळी फुलायचं, संध्याकाळी गळायचं.

"हे बघ," त्यांनी शैलजाबाईंना वर बोलावून दाखवलं. "हे आपले खपतायत, आणि हे फुकट पगार खातायत. खत खातायत, पाणी पितायत, आउटपुट झिरो. माझ्या सेक्शनमध्ये असेच होते."

"असू देत की. दिसतात छान."

"छान दिसायला ठेवलंय का त्यांना?"

दुसऱ्या दिवसापासून हजेरीला नवा भाग जोडला गेला. काकडीवाली फुलं हजर, बाकीची बडतर्फ. नाना त्यांना देठासकट खुडायचे. पण फुलं कचऱ्यात टाकणं जिवावर यायचं. चैत्राच्या तृतीयेला शैलजाबाईंनी पितळी पाळण्यात गौर बसवली आणि नानांना तोड सापडली. नालायक माणसाला देवस्थानच्या कामाला लावावं तशी ती फुलं रोज ताटलीतून खाली येऊन गौरीच्या पायाशी पडू लागली. गौरीपुढे उभं राहून नाना मोठ्याने म्हणायचे, "आई, काकडी भरू दे." शब्द त्यांनी आधीच देऊन ठेवला होता. हळदीकुंकवाला येणाऱ्या प्रत्येक बाईला कोशिंबीर मिळणार, आणि ती गच्चीवरच्या काकडीची.

पण काकडी भरेना. पेराएवढी काकडी टोकाकडून पिवळी पडायची, सुकायची आणि गळायची. नानांनी फळमाशीवर आरोप ठेवून अर्क दुप्पट केला. शरद भिया म्हणाले, नजर लागली असेल. हळदीकुंकू जवळ आलं तसे नाना गच्चीवर जास्त वेळ थांबू लागले आणि खाली आल्यावर कमी बोलू लागले. एके दुपारी शैलजाबाईंना दिसलं, खुर्चीतले कांदे खाली उतरवून ठेवलेले होते आणि नाना हात मांडीवर ठेवून तिथे बसले होते, रस्त्याकडे बघत.

हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी त्या कुरडया वाळत घालायला वर गेल्या. कुरडयांवर पांघरायचं जुनं धोतर वाऱ्याने उडून टाकीमागे पडलं, ते आणायला त्या वाकून आत शिरल्या. टाकी आणि भिंत यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या जागेत वेल खूप वर चढलेला होता. नानांचा उजवा खांदा दोन वर्षं धरलेला होता, तितका वर हात जात नसे. तिथे फुलंच फुलं होती, नुसती, बिनकामाची. त्यांच्यावर मधमाश्या गुणगुणत होत्या, या फुलातून त्या फुलात, कामावर उशीर झाल्यासारख्या. आणि पानाआड एक काकडी होती. हिरवीगार, चांगली वीतभर.

शैलजाबाई धोतर हातात घेऊन तिथेच उभ्या राहिल्या. सगळ्या गच्चीत जिथे नानांचा हात पोचत नव्हता तिथेच काय ती काकडी धरली होती. बाकीचं त्यांना आपोआप उमगलं. नर फुलांना, वेलाच्या नवरदेवांनाच, रोज खुडून गौरीपुढे वाहिलं होतं, आणि तिच्याकडे लेकरं मागितली होती.

काकडी त्यांनी खुडली नाही. "अहो, टाकीमागे बघा जरा," एवढंच खाली येऊन म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ती काकडी गौरीपुढे चांदीच्या वाटीत उभी होती. कोशिंबीर बाजारच्या काकडीची झाली, पण त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, कारण पांढऱ्या सदऱ्यातले नाना दारात उभे राहून प्रत्येकीला पन्ह्याबरोबर नैसर्गिक शेती देत होते. अर्काची बाटलीही देत होते. बायका ती ओटीतल्या हरभऱ्यांपासून लांब, दोन बोटांत धरून नेत होत्या.

सगळ्या गेल्यावर निशिगंधा तेवढी भांडी आवरायला मागे राहिली.

"नाना, माझ्या बाल्कनीतही एक वेल आहे. फुलं भरपूर येतात."

"पहिलं काम सांगू? मागे काकडी नसलेली सगळी फुलं काढून टाक. बिलकुल दया नको."

"बरं. उद्याच काढते."

"काढू नकोस," शैलजाबाई म्हणाल्या.

नाना वळले. "का?"

वाटीतल्या काकडीकडे आणि मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलं. इतक्या दिवसांनी तो चेहरा उजळला होता. पण न बोलावं तर वेल रिकामाच राहणार, आणि चैत्र संपायच्या आत माणूस पुन्हा खुर्चीत जाणार.

"अहो, तुमच्या ऑफिसात टूरवर असायची ती मंडळी कधी टेबलावर दिसायची का?"

"टूरवर असतील तर कशी दिसतील?"

"मग ही फुलं टूरवरची आहेत. यांचा पराग मधमाश्यांनी त्या दुसऱ्या फुलांपर्यंत नेला, तरच काकडी भरते. टाकीमागे तुमचा हात पोचला नाही, म्हणून तिथली मंडळी ड्यूटीवर राहिली."

नाना गौरीकडे वळले. निशिगंधाने भांडं पुसायचं थांबवलं. गौरीच्या पायाशी आजची फुलं अजून मिटायची होती.

"सगळीच काढली मी," नाना म्हणाले. आणि मग, प्रवासभत्त्याची बिलं तपासायच्या जुन्या सवयीने, "त्यांना टीए कोण देतं?"

"मधमाश्या," निशिगंधा पटकन म्हणाली आणि जीभ चावली. पण नाना हसले. पोट हलेपर्यंत हसले.

दुसऱ्या दिवशी गच्चीवरून हजेरीचा आवाज आला. "टूरवाले?" मग लोट्यातल्या पाण्याची धार. मग, "बाहेर आहेत." अर्क आता संध्याकाळी, मधमाश्या घरी गेल्यावर आणि कीड दिसेल तिथेच मारला जाऊ लागला. वैशाखात इतक्या काकड्या आल्या की इमारतीतले लोक जिन्यात नाना दिसले की दार लोटून घ्यायचे. शरद भिया सगळीकडे सांगत सुटले की हे जीरावनचं काम.

पुढच्या वर्षी नानांना जिना झेपेनासा झाला. दोन पायऱ्यांतच धाप लागायची. शैलजाबाई लोटा घेऊन वर जायच्या, आणि नाना खाली खुर्चीतून हजेरी घ्यायचे. आता त्या खुर्चीची भीती उरली नव्हती. वरून "हजर" म्हणायचं काम त्यांच्याकडे आलं होतं, आणि ते करताना त्या आजूबाजूच्या गच्च्यांवर कुणी नाही ना हे बघून घ्यायच्या.

रंगपंचमीची गेर, रंग उधळत जाणारी मिरवणूक, झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी नाना झोपेतच गेले. त्या दिवशी सकाळी वेलावर पहिली फुलं आली होती. शैलजाबाईंनी वरून सांगितलं, "अहो, सगळी टूरवालीच आहेत. मागे काकडी असलेलं एकही नाही."

"आधी तीच येतात," नाना खालून म्हणाले. "हजर मांड त्यांना. आणि येताना लोटा घेऊन ये गं, रोज वरच विसरतेस."