चोरांना पुरून उरलेली पेटी

माझी आई वेल्डर. धक्क्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती गेटं आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवायची. आजोबांच्या होडीची मोटार चोरीला गेली, तेव्हा चोरांनी धक्क्यावर नुसता उच्छाद मांडला होता. मोटार होडीच्या मागच्या फळीला दोन स्क्रूंनी आवळलेली असते. ते सैल केले की उचलायची आणि पसार व्हायचं. लोकांनी साखळ्या लावल्या, तर मोटारीबरोबर साखळ्याही गेल्या.

आजोबांनी हाय खाल्ली. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. आईला ते बघवेना. तिने दोन्ही स्क्रू झाकणारी जाड पोलादी पेटी बनवली, एका होडीला बसवली आणि थेट धक्क्यावरच्या चहावाल्याला गाठलं. तरुणपणी तो अट्टल कुलूपफोड्या होता; शिक्षा भोगून सुधारला होता.

"दादा, एवढी पेटी फोडून दाखवा."

"वहिनी, तो धंदा सोडला मी."

"म्हणून तर तुमच्याकडे आले. धंदा चालू असलेला कुठे शोधू?"

तो हसत उठला. पहारीचा एक हिसका, आणि कुलूप खाली.

"अहो, कुलूप बाहेर लोंबतंय. चोराला आवतणच की हे!"

जमलेले सगळे खो खो हसले. आई मात्र उकिडवी बसून तुटलेली कडी निरखत होती.

"जोर कुठे लावलात, ते नीट सांगा."

त्याने दाखवलं. आईने नवी पेटी केली. आता कुलूप आत, आणि खालून फक्त किल्लीपुरती फट. चहावाल्याने पहार घातली, करवत चालवली. घामाघूम झाला, गिऱ्हाइकं चहासाठी ओरडायला लागली. शेवटी त्याने हत्यारं टाकून हात जोडले.

"वहिनी, तुम्ही त्या काळी असतात, तर मी उपाशी मेलो असतो!"

झालं. आईच्या शेडपुढे नावाड्यांची रीघ लागली. आजोबांनी एक जुनी मोटार विकत घेतली, तिलाही पेटी बसली. एका सकाळी पाहतो तर पेटीवर पहारीचे ओरखडेच ओरखडे, एक कोपरा चेपलेला, पण मोटार जागच्या जागी. आई रंगाचा डबा घेऊन आली, तर आजोबा आडवे आले.

"हात लावू नकोस. लोकांना बघू दे."

मग दिसेल त्याला हाताला धरून ते होडीपाशी आणायचे. "चोर दमले, पण ही पेटी दमली नाही. माझ्या सुनेने केलीय!"

त्यांचा आवाज शेडपर्यंत यायचा. आई तोंडावर वेल्डिंगची काच ओढून कामात असल्यासारखं दाखवायची. ठिणगी मात्र एकही उडत नसे.