विश्वकोशातला सोमवार

अगं, ये इकडे. जवळ बस, या पत्राच्या कागदावर का होईना. आणि तो मोबाइल जरा पालथा ठेव. तुझ्यावर रागवायचं नाही असं ठरवलं होतं मी. पण परवा फोनवर काय म्हणालीस तू? "मावशी, नेटवर बघितलं मी. कापसाच्या धुळीच्या आजारात सोमवारी छाती आवळते. मला तर शनिवारी होतं. म्हणजे माझं तसलं काही नाही." आणि वर हसलीस. मला हसू आलं नाही बाई. हेच बोलणं मी याच घरात आधी ऐकलंय, तुझ्या काकांच्या तोंडून.

आमच्या माळ्यावरचे विश्वकोशाचे खंड तुला आठवत असतील. शेजारचे गुरुजी बदली होऊन गेले तेव्हा माझ्या हवाली करून गेले होते. माझी शाळा चौथीत सुटली. खरं वाचायला मी शिकले ती त्या खंडांवरच. दुपारी भांडी आवरली की एक खंड मांडीवर घ्यायचा. वजन एवढं, की पायाला मुंग्या यायच्या. कागद झाला की काच, काच झाली की काजवा, जे येईल ते वाचायचं.

हळूहळू आळीतली भांडणं आमच्या ओट्यावर यायला लागली. वटवाघूळ पक्षी की जनावर, यावरून दोघी जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या, त्यांचा निकाल मी लावला. काकांच्या कारखान्यातला एक उत्तरेकडचा कारागीर होता, तो पैज लावून यायचा. "चाची, किताब में देखो. किताब झूठ नहीं बोलेगी." काका हसायचे. म्हणायचे, "आमच्याकडं कोर्ट हाय. फक्त हितं न्यायाधीशालाच चहा करावा लागतो." पण एकदा मी वाचून दाखवलं, की पुढं कुणी बोलायचं नाही. पुस्तकात आहे म्हटल्यावर विषय संपला.

काका तेव्हा धामणकर नाक्याजवळच्या कापडाच्या कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचे. सुट्टी शुक्रवारी, लूमवाल्यांची असते तशीच. शनिवारी ड्युटीवरून आले की उंबऱ्यावरच बसायचे. छातीवर जातं ठेवल्यासारखं वाटतं, म्हणायचे. रविवारी जरा हलकं व्हायचं, पुढं दोन दिवसांत विसरूनही जायचे. आम्हाला वाटलं शुक्रवारचं मटण बाधतं. मटण बंद केलं. फरक पडला नाही.

मग एका दुपारी मी वाचत वाचत कापसावर आले. पिकाची माहिती, गिरण्यांची माहिती, आणि अगदी शेवटी दोन ओळी. कापसाच्या धुळीत काम करणाऱ्यांना छातीचा आजार होतो, सोमवारी छाती आवळते आणि दम लागतो, वेळीच काम सोडलं तर सुधारतो. मी काकांना हाक मारली. वाचून दाखवलं.

"पुन्यांदा वाच," म्हणाले.

पुन्हा वाचलं.

"सोमवारच लिवलंय ना? नीट बघ."

"सोमवारच आहे."

"मग झालं की. माझा शनिवार हाय. ह्यो आजार माझा न्हाय."

त्यांचा चेहरा असा मोकळा झाला, की मलाही बरं वाटलं. संध्याकाळी जिलबी घेऊन आले. राहनाळच्या गोडाऊनमध्ये माझ्या चुलत दिरानं त्यांच्यासाठी बिनधुळीचं काम बघून ठेवलं होतं, त्याला दुसऱ्या दिवशी नको म्हणून सांगितलं. आमच्या घरात पुस्तकावर अपील नव्हतं.

पुढं शनिवारचं रविवारी राहायला लागलं, मग सगळ्या आठवड्यात पसरलं. शेवटी जिना चढवेना तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं तुझ्याएवढ्याच. छातीचा फोटो बघितला आणि एकच प्रश्न विचारला, "काका, सुट्टी कधी असते?"

"शुक्रवारी."

त्यांनी पेन खाली ठेवला. "सुट्टीनंतर पहिल्यांदा धुळीत गेलं की छाती आवळते, काका. पुस्तकं लिहिणाऱ्यांची सुट्टी रविवारची, म्हणून ते सोमवार लिहितात. तुमचा सोमवार शनिवारी यायचा." पुढं त्या, लवकर आला असतात तर, असं म्हणाल्या आणि थांबल्या.

रिक्षातून उतरून काका दारात टेकले आणि म्हणाले, "त्या कारागिराला कळवायला पायजे. किताब झूठ न्हाय बोलली." तो कारागीर कधीच मुलखाला निघून गेला होता.

खंडांना नंतर वाळवी लागली. तुझं ते नेटवरचं पान काल मी नातीकडून उघडून घेतलं. मला त्याचा भरवसा नव्हता, कुणीही लिहितं म्हणतात. नात म्हणाली, "आजी, हे बघ, कुठून घेतलंय ते खाली दिलंय." मग मी चष्मा लावून सगळं वाचलं. चार ओळी खाली स्पष्ट लिहिलंय, आठवड्याच्या सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी. आमच्या खंडात जागाच दोन ओळींची होती गं. तुझ्या हातात अख्खं पान होतं, आणि तू वरचा सोमवार तेवढा वाचून बंद केलंस.

काका आता उशांना टेकून, बसल्या बसल्याच झोपतात. एक वाक्य बोलायला तीनदा थांबतात. तुझं सांगितलं तेव्हा उशीवरून जरा पुढं सरकले. मग म्हणाले, "तिला... शनिवारी... बोलव."

म्हणून सांगते, शुक्रवारी नको येऊस. शुक्रवारी तू नटूनथटून येतेस, चांगली दिसतेस, आणि मी फसते. या शनिवारी तुझं ते सूत गुंडाळायचं कांडीचं मशीन बंद झालं की तशीच निघ, केसातला कापूससुद्धा झटकू नकोस. काकांच्या शेजारी बस, तुझा श्वास त्यांना ऐकू दे. तो आवाज त्यांच्या ओळखीचा आहे. मग आपण दोघी त्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. भात टाकून ठेवते मी. ये गं, या शनिवारीच ये.