दिराच्या जीपमधून दवाखान्यात

"मँडिबल फ्रॅक्चर," डॉक्टर म्हणाले. म्हणजे खालच्या जबड्याचं हाड मोडलेलं. "पायरीवरून पडून असं मोडत नाही, ताई. कोणी मारलं?"

मी नाय म्हणून मान हलवली. मारणारा दारातच उभा होता, माझा धाकटा दीर. त्यानेच जीपमधून महाडला आणलं होतं. पोलादपूरच्या डोंगरावर आमची वाडी, आणि वाडीत गाडी ती एकच. सामायिक बांधावरचा साग मी तोडू दिला नाही म्हणून दांडक्याने हाणलं, आणि रक्त बघून स्वतःच घाबरला. वाटेत म्हणाला, "वयनी, पडलीस म्हणून सांग हां." आणि मी मूर्खासारखं तेच सांगितलं! नवरा मुंबईला, त्याच्या सख्ख्या भावाचं नाव कसं घेऊ, हाच घोर.

वरचे-खालचे दात तारेने एकमेकांना बांधून टाकले. पेज नळीने ओढायची. दर तपासणीला त्याच्याच शेजारी बसून जायचं. वाडीतल्या बाया म्हणायच्या, "दीर हाय म्हणून वाचलीस गो." लाजेने मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटी एकदा डॉक्टरांनी त्याला औषधं आणायला पिटाळलं आणि दार लावलं. मी बांधल्या दातांतून पुटपुटत सगळं सांगितलं. त्यांनी एमएलसी केली. म्हणजे मारहाणीची केस म्हणून दवाखाना पोलिसांना कळवतो. "मोफत वकील मिळेल, भरपाईचा अर्ज करता येईल. समुपदेशनाला मात्र अलिबागला जावं लागेल," ते म्हणाले.

"जाऊ कशी? त्याच्याच जीपने?"

डॉक्टरांनी फोन उचलला. महाडच्या कोर्टातल्या मोफत वकील देणाऱ्या समितीला लावला आणि वकिलालाच वाडीत पाठवा म्हणाले.

पोलीस वाडीत येऊन गेले आणि दिराने जीप सगळ्यांसाठीच बंद केली. शेजारची सुमन भर पाणवठ्यावर ओरडली, "तुझ्यापायी आमची पोरं फाट्यापर्यंत चालतायत!" खरंच होतं ते. मी खाली मान घालून हंडा उचलला.

पुढे कोर्टाने नेमलेल्या वकीलबाई एसटीने फाट्याला उतरून, धापा टाकत वर आल्या. माझ्या पडवीत बसून शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. तुमच्या दारी असं कोणी आलं, तर बायांनो, नुसता चहा पाजून परत पाठवू नका. बोला.

वकीलबाई निघाल्या तेव्हा सुमन अंगणाच्या कडेला उभी होती. तिने पदर बाजूला सारून काळानिळा दंड दाखवला.

"त्यांना थांबव गो," म्हणाली. "माझं पण सांगायचं हाय."