सुमित्राबाईंची शनिवारची उजळणी

सुमित्राबाई भोयर पवनारच्या. पंचाहत्तर साली त्यांना हिंगणीपलीकडच्या, जंगलाला लागून असलेल्या एका लहान गावच्या शाळेत नेमणूक मिळाली. तिथेच एक खोली घेऊन त्या सोमवार ते शनिवार राहत. घरी वासुदेवराव शेत बघत आणि आठवडाभर स्वतःच भाकरी थापून खात. त्याचं नवराबायकोला काही वाटत नसे. शेजारपाजारच्यांना मात्र फार वाटे.

दोन वर्षांनी तिसरीच्या वर्गात बायजा नावाची गोंड मुलगी आली. घरी गोंडी, बाहेर गावची बोली आणि पुस्तकात तिसरीच मराठी. एकदा बाईंनी फळ्यावर सत्तावीस अधिक पंधरा मांडलं. सगळ्या पाट्या आल्या, बायजाची आली नाही. बाई जवळ गेल्या तर तिनं उजवी मूठ घट्ट आवळलेली आणि पाटीवर नुसता दोनाचा आकडा.

"मूठ काऊन आवळून बसली?"

"हातचा एक हाय बाई. तुमीच म्हनलं हातचा ठेवा. सोडला तर पडन नं."

"मंग पुढचं लिहीत काऊन नाई?"

"कोन्या हातानं लिहू?"

वर्ग हसला. बाईंनाही हसू आलं, पण त्या खोलीवर गेल्या तेव्हा ते हसू उरलं नव्हतं. चूक पोरीची नव्हती. शब्द आपण दिला होता, अर्थ दिलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना विचारलं, वजाबाकी म्हणजे काय. गणितं बरोबर करणारी पोरंही एकमेकांच्या पाट्यांत बघू लागली. एकजण म्हणाला, "आडवी रेघ."

त्या उन्हाळ्यात, सुट्टी लागली तरी बाई लगेच घरी गेल्या नाहीत. बायजाची आई शकुबाई तेंदूची पानं आणून अंगणात पुडे बांधत असे. बाई तिच्याजवळ दोन दिवस बसल्या. एका पुड्यात सत्तर पानं. शकुबाई पाच-पाच पानं उचलून ठेवी आणि चौदाव्या वेळी दोरी आवळी. एकदाही चुकली नाही.

"तुले पाढे येतात का, शकुबाई?"

"नाई जी. मी कुठं शायेत गेली? पाच चौदा खेपा घेतले का पुडा होते."

म्हणजे गुणाकार घरात होता, फक्त त्याचं नाव शाळेत होतं. बाईंनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

जूनपासून त्यांनी शनिवारची सकाळची शाळा उजळणीला दिली. त्या दिवशी पाटीवर एकही गणित नाही, नुसते शब्द. एक शब्द बाईंनी म्हणायचा आणि पोरांनी घरच्या बोलीत त्याचा अर्थ सांगायचा. "बेरीज म्हणजे एका जागी केलं ते." "निम्मं म्हणजे दोघाले सारखं." "भागाकार म्हणजे वाटून देनं." गोंडीतले आकडे बायजा शिकवी, उंदी, रंड, मूंद असं सगळा वर्ग तिच्यामागून म्हणे. तिच्यापुढे बाईंचीच जीभ अडखळे आणि पोरांना त्याचा भारी आनंद होई. साडेअकराला शाळा सुटली की बाई पवनारला जायला एसटी धरत.

अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात तपासणीला साहेब आले. बायजा तेव्हा चौथीत होती. शाळा दोनशिक्षकी असल्यानं तिसरी-चौथी दोन्ही बाईंकडेच. साहेबांनी तिलाच उभं केलं.

"वजाबाकी म्हणजे काय?"

"जेवढं होतं त्यातून नेलं, अन् मांगं राह्यलं ते."

"हे काय उत्तर झालं? शुद्ध बोल."

बायजानं बाईंकडे पाहिलं. बाई पुढे येऊन म्हणाल्या, "साहेब, अर्थ चुकला असेल तर सांगा."

साहेबांनी खडू उचलला. मग त्यांनी फळ्यावर तीनशे दोनमधून एकशे सत्तेचाळीस वजा करायला दिले. मधल्या शून्यावर पोरं अडतात हे त्यांना ठाऊक असावं. बायजानं सावकाश मांडलं आणि एकशे पंचावन्न लिहिलं. साहेबांनी शेऱ्यात लिहिलं : गणित चांगले, भाषेकडे लक्ष द्यावे.

शनिवारी घरी गेल्यावर वासुदेवरावांनी विचारलं, "मंग, रागावले का साहेब?"

"अर्धे," बाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या. त्या दिवशी भाकऱ्याही त्यांनी थापल्या, दोन जास्तच.

बायजा सातवी झाली. नंतर हिंगणीकडेच लग्न होऊन गेली आणि तिथल्या बालवाडीत मदतनीस लागली. चौऱ्याऐंशीत बाईंची बदली पवनारलाच झाली. नऊ वर्षांनी घरून शाळेत चालत जाता येऊ लागलं. इथली पोरं चुणचुणीत, पाढे धडाधड म्हणणारी. पहिल्याच आठवड्यात बाईंनी विचारलं, "दुप्पट म्हणजे काय?" पोरं दोनाचा पाढा म्हणायला लागली.

बाईंनी तो दहापर्यंत ऐकून घेतला. मग म्हणाल्या, "छान. आता शनिवारी पाट्या आणू नका."